वत्सलाबाय, तुझी जागा कुठली?

वत्सलाबाय, तू गेलीस त्याच आठवड्यात नारायण मुकादमाला कोडं पडलं, की तुझी जागा नेमकी कुठली. तुझ्या जागी माणूस घ्यायचं म्हणून तो शेडमध्ये आला. प्रेसपाशी थांबला, मांडण्यांमधून फिरला, कौलं निवडायच्या ओट्यावर गेला, भट्टीच्या तोंडापर्यंत जाऊन परत आला. जिथं जाईल तिथं बाया सांगत होत्या, हो, इथंच तर असायची ती. शेवटी डोकं खाजवत म्हणाला, मग मी भरू तरी कुठली जागा? आम्हाला हसू फुटलं. तू गेल्यावर पहिल्यांदाच हसलो. हसता हसता हौसाला रडू कोसळलं आणि मग आम्हा सगळ्यांनाच.

कावीळ म्हणे. कावीळ का अशी नेते माणसाला? गणपतीत तू माझ्या हातचे घावणे खाल्लेस, मीठ कमी म्हणून नावं ठेवलीस, आणि भात पिवळा व्हायच्या आत तू गेलीसही. तुझ्या पुण्यानुमोदनाला तुमच्या वस्तीत आले होते. तुझा भाऊ, तो शाळामास्तर, तुझ्याविषयी बोलायला उभा राहिला आणि म्हणाला, माझी बहीण कष्टाळू होती. मला राग आला. कष्टाळू तर आमच्या शेडमधली मांजरसुद्धा आहे. तू कष्टाळू नव्हतीस, तू उपद्व्यापी होतीस. तिथं बोलता आलं नाही, म्हणून इथं सांगते.

तुला आपल्या कौलांच्या कारखान्याची रीत काय सांगायची? पण मलाच ती एकदा समोर मांडून बघायची आहे, म्हणून ऐकून घे. दासगावच्या अलीकडे नदीकाठच्या त्या शेडमध्ये बाईला पगारापेक्षा जागा मोठी. सासूची जागा सुनेला. एखादीला ताप आला, बाळंतपण आलं, माहेरी मयत झालं, तर तिच्या घरातल्या कुणीतरी येऊन त्या जागी उभं राहायचं. दिवसभर जागा रिकामी राहिली की गेली, मग जी उभी राहील तिची. मालकाने हा कायदा केला नव्हता. तो आपल्याच सासवांनी केला आणि मालकाला फुकटात दिला.

मी पोलादपुरावरच्या उमरठकडच्या डोंगरातून दासगावात नांदायला आले, तेव्हा मला घर मिळालं, नवरा मिळाला आणि तिसरी मांडणी मिळाली. नवरा लगेच मुंबईला गिरणीत परत गेला, मांडणी तेवढी राहिली. भिंतीकडेची, उजेड नसलेली. प्रेसमधून निघालेलं ओलं कौल फळीवर घ्यायचं, अशा फळ्या खांद्यावर रचून आणायच्या आणि मांडणीत सरकवायच्या, वाळेपर्यंत. डाव्या अंगाला भिंत, म्हणून सगळा भार उजव्या खांद्यावर. सासूबाईंचा उजवा खांदा उतरलेला आहे, हे मी लग्नाच्या मांडवातच पाहिलं होतं. मला वाटलं जन्माचा असेल. पुढे माझाही उतरायला लागला, तेव्हा कळलं की जागेबरोबर खांदाही वारसाने येतो.

हे मला तू दाखवलंस. मी कुठं बघणार होते स्वतःकडे? एकदा चहाच्या वेळी तू आम्हा सगळ्यांना ओळीत उभं केलंस आणि तोंडं न बघता सांगते म्हणालीस, कोण कुठली ते. चिखल तुडवणाऱ्यांच्या टाचा, ओट्यावरच्यांचं वाकलेलं कंबरडं, माझा खांदा. बाया हसल्या. तू हसली नाहीस. म्हणालीस, "आपण जागा धरलीय असं वाटतं गो. पण तिनंच आपल्याला धरलंय."

तुझी स्वतःची जागा नव्हतीच. तुझ्या सासूला काय, तुमच्या वस्तीतल्या कुणालाच त्या शेडमध्ये आधी घेतलं नव्हतं. तू आलीस ती बदली म्हणून. ज्या घरातून कोणी उभं राहायला नसेल तिथं, तेही मुकादमाची मर्जी झाली तर. पहिल्या दिवशी तू पाण्याच्या माठाकडे वळलीस आणि दोघी-तिघी आपले तांबे उचलून उठल्या. कोणी तोंडाने काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी तू महाडहून स्वतःचा माठ डोक्यावर घेऊन आलीस, दारातल्या वाळूत नीट बसवलास आणि म्हणालीस, ज्याला लागंल त्यानं प्यावं. त्या वैशाखात दारातला तो गार माठ आधी रिकामा व्हायला लागला. उठलेल्या दोघी-तिघींत मी नव्हते, कारण मी तेव्हा भिंतीकडे होते. नाहीतर काय केलं असतं, देव जाणे.

कामाला बोलावणं नसेल त्या दिवशीही तू यायचीस. आधी सगळ्यांना वाटलं, मुकादमाच्या पुढे पुढे करते. तू हौसाच्या शेजारी बसून कौल वाजवून बघायला शिकलीस, प्रेसवरच्या माणसाच्या मागे उभी राहून माती किती घ्यायची ते शिकलीस. भट्टीवाल्याने तर तुला हाकलून दिलं होतं. मग त्याच्या पोराच्या बारशाला तू अंगडं-टोपडं शिवून नेलंस, आणि तो आपण होऊन सांगायला लागला, आत रंग कसा दिसला की लाकूड थांबवायचं. मी विचारलं, कशाला गं हे सगळं, कोणी सांगितलंय तुला? तू म्हणालीस, सांगायची वाट बघत बसले तर बदलीचीच मरेन. मेलीस तेव्हा कागदावर बदलीचीच होतीस, बाय.

पण काय झालं, तुला सगळं यायला लागलं आणि हळूहळू कुणाच्याही जागी तू उभी राहायला लागलीस. शांतीला दिवस गेले, तू उभी. हौसाची आई आजारी, तू उभी. पहिल्यांदा सासवांनी कटकट केली, घरचं माणूस नसताना जागा भरली असं कसं धरायचं? नंतर त्यांचंच बोलणं झालं, की वत्सला उभी हाय म्हंजे जागा भरली. किती वर्षांची रीत तू अशी मोडलीस, की मोडल्याचा आवाजही झाला नाही. मी ताप अंगावर काढायचं थांबवलं ते तुझ्यामुळे. माझ्या भावाच्या लग्नाला मी उमरठला जाऊन राहिले, हळदीपासून, तेही तुझ्यामुळे. बाईला आपल्या कामावरून निर्धास्त उठून जाता येणं काय असतं, ते आम्हाला कुठं माहीत होतं?

तुझं सगळंच साधलं असं नाही. नदीकडची झावळ्यांची झापं काढून टाकल्याची आठवण आहे ना? आत भट्टीची धग, बाया घामाने निथळत होत्या. तू म्हणालीस, वारा घेऊ या, कौलंही लवकर वाळतील. सगळ्यांनी मिळून झापं सोडली. काय सुख वाटलं, हौसा तर पदर सोडून वाऱ्याला उभी राहिली. दुसऱ्या दिवशी बघतो तर खाडीच्या वाऱ्याने कौलांच्या कडा पापडासारख्या वळलेल्या. अख्खा माल चिखलात गेला. मुकादमाने विचारायच्या आधी तू पुढे झालीस आणि म्हणालीस, मीच सोडली. मग फर्मान निघालं, कोणी आपली जागा सोडून हिंडायचं नाही. माझ्या सासूबाई आठवडाभर खूश होत्या. मला म्हणाल्या, बघ, जागेवर राहिलेल्याचं काय वाईट झालं?

तू मात्र थोड्याच दिवसांत पुन्हा मुकादमाकडे गेलीस. चहाच्या वेळेपुरतीच झापं सोडतो, नंतर बांधतो. तो हो म्हणाला. मी असते तर तोंड दाखवलं नसतं.

माझी मांडणी तर तू त्याला न विचारताच हलवलीस. विचारलं होतंस म्हणा आधी, तो नाही म्हणाला होता. मग एका दुपारी तो महाडला गेलेला बघून तू चौघींना घेऊन आलीस आणि रिकामी मांडणी भिंतीपासून हातभर पुढे ओढलीत. डाव्या अंगाला वाट झाली. तू म्हणालीस, आता एक खेप उजव्या खांद्यावर, एक डाव्या. मला डाव्या खांद्यावर फळ्या धरायला जमेना, दोन कौलं फुटली, मी तुझ्यावर चिडले. थोड्या दिवसांनी रात्री कूस बदलताना खांदा ठणकेनासा झाला. हे मी घरी कधी बोलले नाही. सासूबाईंच्या सासूने उभी केलेली मांडणी आपण सरकवली, हे सांगायची माझी छाती नव्हती. मुकादमाच्या तर ते लक्षातही आलं नाही.

आता आपलं भांडण. ते अर्धंच राहिलंय.

मी म्हणायचे, तू मालकाची फुकटची बदली झालीस. तू सगळीकडे उभी राहतेस म्हणून तो नवीन माणूस घेत नाही, आणि तुला कायम करत नाही ते वेगळंच. तू म्हणायचीस, मालकाला फायदा झाला तर झाला, तुमालाबी झाला ना? मी म्हणायचे, आणि तुला? त्यावर तू कधी नीट उत्तर दिलं नाहीस. एकदा एवढंच म्हणालीस, मला इथं कंटाळा येत नाय. मला ते उत्तर वाटलं नव्हतं. आता वाटतं, अख्ख्या शेडमध्ये सकाळी कामावर यायला आवडणारी तू एकटीच होतीस. तरीही माझं म्हणणं मी सोडलेलं नाही. तू जे स्वतः होऊन केलंस त्याचं मोल त्यांनी द्यायला हवं होतं. यावर अजून भांडायचं होतं मला.

मुंबईची गिरणी बंद पडली आणि माझ्या नवऱ्याचं पत्र येईनासं झालं, माणसांकडून निरोप यायचे. जन्मभर गिरणीत कापडाच्या एकाच साच्यावर उभा राहिलेला माणूस. कुठंही गेला की विचारतात, काय येतं? हा म्हणतो, साचा चालवतो. कुठला साचा? मग गप्प. तेव्हा तू मला म्हणालीस, सुमन, लोक आता स्लॅब टाकायला लागलेत, कौलं किती दिवस खपतील? आणि एका रविवारी तू मला ओढून पोलादपूरच्या एसटीत घातलंस. हायवेच्या कडेला एक शेठ सांडपाण्याचे मातीचे नळ बनवायचा कारखाना काढत होता, त्याला मातीच्या कामातल्या बाया हव्या होत्या. तुला त्याने विचारलं तशी तू बोलत सुटलीस, त्याने तिथल्या तिथे ये म्हटलं. मग माझ्याकडे वळला. तुम्हाला काय येतं? मी म्हटलं, तिसऱ्या मांडणीवर असते. तो म्हणाला, आणि? मला त्या 'आणि'पुढे काही सुचेना. नवरा डोळ्यांसमोर आला.

परतीच्या वाटेवर मी खिडकीकडे तोंड करून रडत होते.  तू म्हणालीस, "मी आत्ता नाय जात. तू शीक. दोघी मिळून जाऊ."

कोणी सांगितलं होतं तुला थांबायला? हे मला तुला खडसावून विचारायचं होतं. तू एकटी गेली असतीस तर आत्तापर्यंत चार पैसे, कायमची नोकरी, सगळं झालं असतं तुझं. माझ्यासाठी थांबलीस म्हणून मला तुझे उपकार वाटायचे आणि त्या उपकारांचा संतापही यायचा. आणि दुसरंही एक वाटतं. तू गेली असतीस तर शांतीच्या, हौसाच्या जागी कोण उभं राहिलं असतं? आम्हाला मोकळं करता करता तूच आमच्यात अडकली होतीस का? विचारायचं राहिलं.

शिकले मात्र मी. जेवणाच्या सुट्टीनंतर तू माझ्या मांडणीवर उभी राहायचीस आणि मी प्रेसवर, मी ओट्यावर. पावसाळ्यात पोलादपूरहून निरोप आला, भाताच्या कापणीआधी एक दिवस येऊन काम करून दाखवा. तू म्हणालीस, त्या दिवशी मी उभी हाय तुझ्या जागी, बिनघोर जा. दिवससुद्धा ठरवला आपण. त्याच आठवड्यात तुझे डोळे पिवळे झाले.

तू गेल्यावर पुन्हा निरोप आला, या आठवड्यात आलात तर ठीक, नाहीतर दुसरी बघतो. मी निरोप आणणाऱ्याला बरं म्हटलं आणि मनातून तो विषय संपवला. जाणार कशी? एक दिवस मांडणी रिकामी राहिली की गेली, आणि घरात येणारा पैसा आता तेवढाच. पोलादपूरला नाही जमलं तर? हौसाला, शांतीला सांगायचं, तर त्यांना त्यांच्या जागा. सगळ्या जणी पुन्हा आपापल्या मांडणीला बांधलेल्या. ताप आला तरी येतात आता. शेडमध्ये सगळं जिथल्या तिथे आहे आणि श्वास घ्यायला होत नाही. एका रात्री जेवताना मी सासूबाईंना पोलादपूरचं सांगून टाकलं, त्यांनी ऐकलं आणि भांडी उचलली. बोलल्या इतकंच, की जागा तुझ्या एकटीची नाय, उद्या नातसून यील. नातू अजून पाचवीत आहे.

काल सकाळी उठले तर सासूबाई घरात नाहीत. परसात नाहीत, शेजारी नाहीत. मी तशीच कामावर निघाले. शेडमध्ये शिरले आणि बघते तर तिसऱ्या मांडणीवर त्या उभ्या. नऊवारीचा काष्टा घट्ट खोचलेला. उजवा खांदा उतरलेला, आणि मांडणीची कड बरोबर त्या खांद्याला लागून. त्यांच्याच मापाने बांधल्यासारखी. बाया काम थांबवून बघत होत्या. मुकादम टोपी काढून उभा होता.

मी म्हटलं, आये, हे काय? घरी चला. त्या माझ्याकडे न बघता डाव्या बाजूच्या वाटेकडे बघत होत्या. भिंत आणि मांडणीच्या मधल्या त्या हातभर वाटेकडे.

"हिकडं वाट कुणी केली?"

मी खोटं बोलणार होते. मग म्हटलं, वत्सलाबायनं.

 सासूबाईंनी फळी उचलली. सवयीने उजवीकडे नेली, थांबल्या, आणि डाव्या खांद्यावर घेतली. त्या वाटेने आत गेल्या, कौल सरकवलं, बाहेर आल्या. उजव्या हाताने डावा खांदा चाचपून बघितला, जन्मात पहिल्यांदा सापडल्यासारखा. बाय, त्यांचे डोळे भरले होते. तुझ्या माठातलं पाणी त्या कधी प्यायल्या नाहीत, तुझं नाव घरात नीट घेतलं नाही. मला म्हणाल्या, "आपली माणसं उभी हायत तवर जागा जात नाय. एसटी चुकंल, जा."

मी गेले. काय काय झालं ते तुला ठाऊक असल्यासारखंच झालं. शेठने विचारलं, काय येतं? मी सांगत गेले, माती, प्रेस, निवड, वाळवण, आणि त्याने 'आणि' म्हणायच्या आतच म्हणाले, भट्टीचं अजून येत नाही, पण शिकेन. दिवसभर माझं काम बघून संध्याकाळी म्हणाला, पुढच्या महिन्यापासून या. मला आनंद झाला. बाय, मला आनंद झाला, आणि सांगायला तू नाहीस.

घरी आले तर सासूबाई ओसरीवर दोन्ही खांद्यांना तेल चोळत बसलेल्या. काय म्हणाला, विचारलं. म्हटलं, ये म्हणाला.  त्या तेल चोळता चोळताच म्हणाल्या, बरं झालं. आणि जरा वेळाने, ठरवून टाकल्यासारखं, मग उद्यापासून मीच जाते, माझीच तर जागा ती.

मी सुटले असं वाटलं होतं, तेवढ्यात ही म्हातारी आत जाऊन बसली. तिला किती समजावलं. जागा रिकामी पडू द्यायला ती तयार नाही आणि पोलादपूर सोडायला मी तयार नाही. हे कोडं तू असतीस तर कोडंच झालं नसतं.

आज पहाटे मी त्यांच्या आधी उठले. मुकादमाला गाठून म्हटलं, महिनाभर वत्सलाबायच्या जागी मला धरा. तो म्हणाला, पण तिची जागा कुठली? मी म्हटलं, जिथं बाईला घरी जायचं असेल ती. त्याने खांदे उडवले, हो म्हणाला. तेवढ्यात सासूबाई आल्याच, काष्टा खोचून. त्यांना म्हटलं, आये, तुम्ही घरी जा, जागा भरली. त्यांनी इकडेतिकडे बघितलं, कोण हाय म्हणून विचारलं. मी म्हटलं, बदलीची बाई.

आणि तिसऱ्या मांडणीवर उभी राहिले. माझ्याच जागेवर, तुझी बदली म्हणून. महिना संपल्यावर तिथं कोण उभं राहणार, ते मला खरंच माहीत नाही. दुपारी शांतीला बरं वाटेना, तिला घरी पाठवलं आणि तिच्या ओट्यावर जाऊन बसले. तुझा माठ दारातच आहे. आज मी भरला.